भिंतीतला ॲस्बेस्टॉस: भीती किती, खरं किती

भाचीने लेस्टरला घर घेतलं, १९७०च्या दशकातलं. घराच्या तपासणी अहवालात एक ओळ होती: छतावरच्या नक्षीदार लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याच रात्री तिचा फोन आला. "मामा, पोराला घेऊन इथे राहायचं की नाही?" तिच्या घाबरण्यामागे ज्या समजुती होत्या, त्या बऱ्याच जणांच्या असतात.

एक म्हणजे, घर जुनं असलं की भिंतीत ॲस्बेस्टॉस असणारच. तसं नसतं. ब्रिटनमध्ये साध्या जिप्समच्या गिलाव्यापेक्षा तो जास्त सापडतो त्यावर दिलेल्या आर्टेक्ससारख्या नक्षीदार लेपात, तोही साधारण १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या. अमेरिकेत जिप्सम बोर्डांचे सांधे बुजवायच्या लांबीत तो असे. १९७७ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. ब्रिटनने निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ मध्ये बंद केला, पांढरा १९९९ मध्ये. ऑस्ट्रेलियात संपूर्ण बंदी २००३च्या अखेरीस आली. त्यामुळे घर कधी बांधलं आणि त्याची डागडुजी कधी झाली, हे आधी विचारावं.

आपल्याकडच्या वाड्यांचं काय? माती, चुना, भुसा, शेण, कुठे ताग. हा गिलावा पडेल, ओल धरेल, पण ॲस्बेस्टॉस हा त्याचा घटक नाही. पीओपीच्या छताचा तुकडा तुटल्यावर जे तंतू लोंबतात, तो बहुधा काथ्या असतो. आपला ॲस्बेस्टॉस भिंतीत कमी, डोक्यावर जास्त: सिमेंटचा पत्रा.

दुसरी समजूत, पाहून ओळखता येतो. मुळीच नाही. धागे केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि लेपात मिसळलेले. गवंडी कितीही अनुभवी असला तरी त्याचा अंदाज तो अंदाजच. नमुना प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय उत्तर मिळत नाही, आणि तो नमुनाही प्रशिक्षित माणसाने घेतलेला बरा.

सगळ्यात महागात पडणारी समजूत तिसरी: सापडला की लगेच खरवडून काढा. लेप धड आहे, भेगाळलेला नाही, कोणी त्याला हात लावत नाही, तोवर धागे त्यातच अडकलेले राहतात. ते हवेत उडतात आपल्याच उद्योगाने. छत गुळगुळीत हवं म्हणून कोरडं घासलं, ड्रिल मारलं, मग पडलेली धूळ झाडूने लोटली! घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर बारीक धागे मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. धड लेपावर रंग द्यावा किंवा न घासता वरून नवा थर द्यावा, तेवढं पुरतं. काढायचाच असेल तर तो ओला करून, खोली बंदिस्त करून, जाणकारांनीच काढावा.

"पांढरा ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी" हे वाक्य मला तरी विक्रेत्याचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते, पांढराही.

आणि याच्या उलट टोकाची भीती: एकदा भिंतीला भोक पाडलं, आता संपलं. धोका किती धूळ आणि किती वर्षं यावर वाढतो. आजारी पडले ते मुख्यतः खाणीतले, गोदीतले, कारखान्यातले, बांधकामावरचे कामगार. आणि त्यांचे धुळीने भरलेले कपडे घरी धुणाऱ्या बायका. आजार दिसायला बहुतेकदा २० ते ४० वर्षं लागतात. अमुक इतका ॲस्बेस्टॉस सुरक्षित, अशी मर्यादा मात्र ठरलेली नाही, म्हणून विनाकारण धूळ करू नये. धूम्रपान करणाऱ्यांना त्यातून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी जास्त असतो.

भाचीचा अहवाल आला. भिंती साफ, छताच्या लेपात थोडा पांढरा ॲस्बेस्टॉस. छताला हात न लावता वरून नवा थर दिला, आणि घराच्या कागदपत्रांत तशी नोंद ठेवली. मग तिनेच विचारलं, "मामा, आपल्या गावच्या गोठ्यावरचा पत्रा?" तो तिथेच आहे. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवण्यावर आणि विकण्यावर भारतात देशव्यापी बंदी नाही.