गोसीखुर्दहून मुंबई किती दूर?

वैनगंगेकाठच्या गोसीखुर्दहून विमानाने मुंबईला जायचं, तर आधी नागपूर गाठावं लागतं. तिथून मुंबई सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटर वेगाला तासभरही पुष्कळ. मग वेळापत्रकात दीड तास का? धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांत वेग कमी असतो. पंखामागच्या पट्ट्या बाहेर सरकताना दिसल्या, की वेग घटतोय समजा. त्यातच मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरात, म्हणून विमानं आकाशात ताटकळतात. हिवाळ्यात दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. मुंबईला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. त्यामुळे परतीचं उड्डाण बहुधा लवकर संपतं.