स्पीकर फाटला? टाकू नका!

पखवाजाची पुडी फाटली, तर आपण पखवाज टाकून देतो का? नाही. नवी पुडी घालून घेतो. खोड तेच राहते आणि वाद्य पुन्हा बोलू लागते. स्पीकरचेही तसेच आहे.

राजगडाच्या पायथ्याचे पाली गाव घ्या. मावळातला पाऊस म्हणजे घरात, देवळात सगळीकडे ओल. अशा हवेत भजनी मंडळाचा स्पीकर काही वर्षांनी घरघरू लागतो. अभंग नीट ऐकू येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "नवाच आणू!" वर्गणीचा पैसा जातो. पण जरा थांबा. आधी काय बिघडलं ते पाहू.

स्पीकर बोलतो कसा?

मागे एक जड लोहचुंबक असतो. पुढे नरसाळ्यासारखा कागदी पडदा असतो. त्याला कोन म्हणतात. कोनाच्या बुडाशी तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. ती कॉइल. चुंबकाच्या फटीत ती मोकळी असते. कॉइलमधून वीज उलटसुलट वाहते, तशी कॉइल पुढेमागे हलते. तिच्याबरोबर कोन हलतो. कोन हवा हलवतो. तोच आवाज! १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी असा स्पीकर जगापुढे मांडला. आजचे पुष्कळसे स्पीकर त्याच रीतीचे आहेत.

आपल्याकडे पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालं. १९५६ साली तिथून शेतीचे खास कार्यक्रम झाले. ते ऐकायला १५० गावांत मंडळं बसत. कार्यक्रम संपला की चर्चा होई. एका रेडिओभोवती सगळे. स्पीकर मुका झाला, तर सभा कशाची?

बिघडते काय?

पुष्कळ स्पीकरांत कोनाच्या कडेला मऊ स्पंजाची कडी असते. ती कोनाला सांगाड्याशी धरून ठेवते. ओल आणि उष्णता यांनी हा स्पंज कुजतो. बोट लावलं की त्याचा भुगा होतो. मग कोन वाकडातिकडा हलतो आणि आवाज फाटतो.

आधी तपासा

१. यंत्र बंद करा. पिन काढा. अँप्लिफायर मात्र उघडू नका. बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. ती जिवावर बेतू शकते.

२. स्पीकरच्या तारा सोडवा. बॅटरीचा दीड व्होल्टचा एक सेल घ्या. दोन तारांनी तो स्पीकरला क्षणभर टेकवा. "टक्" वाजलं, तर कॉइल शाबूत. वाजलं नाही, तर तार तुटली किंवा कॉइल जळली.

३. दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी ठेवा. हलकेच दाबा. खरखर लागली, तर कॉइल घासते आहे.

कॉइल जळली किंवा घासली, तर काम कारागिराचं. नुसती कडी गेली असेल, तर ते घरी होतं.

कडी कशी बदलावी?

पट्टीने कोनाचे आणि सांगाड्याचे माप घ्या. कागदावर लिहा. त्याच मापाची कडी मागा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकानं आहेत.

जुना स्पंज आणि वाळका गोंद हलक्या हाताने खरवडून काढा. कचरा कॉइलच्या फटीत जाऊ देऊ नका. लोखंडी पेचकस जपून धरा. चुंबक तो ओढतो आणि कोनाला भोक पडतं.

गोंद सावकाश वाळणारा आणि वाळल्यावर लवचीक राहणारा घ्या. कडी आधी कोनाला चिकटवा. वाळू द्या. मग सांगाड्याला चिकटवा. गोंद ओला असतानाच कोन हलकेच दाबून पाहा. खरखर आली, तर कोन किंचित सरकवा. खरखर थांबली, की हात लावू नका. एक दिवस तसाच ठेवा.

कोनाला बारीक चीर असेल, तर पातळ कागदाची पट्टी गोंदाने लावा. जाड ठिगळ नको. त्याने कोन जड होतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा

स्पीकरच्या मागे 'ओहम' आणि 'वॅट' यांचे आकडे असतात. स्पीकर बदलायचीच वेळ आली, तर ओहमचा आकडा तोच हवा. ८ च्या जागी ४ चा लावला, तर अँप्लिफायर तापतो, जळूही शकतो. तुम्हाला आता वाचता येतं. दुकानातच आकडा वाचा, मग पैसे द्या.

दुसरे, आवाज पुरेसाच ठेवा. फार मोठ्या आवाजाने कॉइल जळते. शेजारचं तान्हं मूल, आजारी माणूस यांनाही त्रास होतो. २००० सालच्या नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायला मनाई आहे.

स्पीकर जपून वापरला, वेळेवर दुरुस्त केला, तर वर्गणीचे पैसे वाचतात. त्या पैशांत नवे टाळ येतील!