रंग आणि आडनाव
वर्णद्वेष म्हटला की आपणांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिका उभी राहते, आणि आपण निर्धास्त होतो. परंतु जालन्यासारख्या गावातील तरुणाला हा प्रश्न परका नाही. तेथे कातडीचा रंग दुरून दिसतो. येथे विचारावे लागते. खोली पाहावयास आलेल्या विद्यार्थ्याला घरमालक नाव विचारतो, मग आडनाव. तेवढ्याने उलगडा झाला नाही तर गाव, आणि शेवटी ‘म्हणजे आपण कोण?’ या ‘कोण’चा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो.

रंगाची व जातीची ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे पुढारी द्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य मांडले. १९५० मध्ये त्यांच्या संस्थेने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. जालन्याहून ते साठेक किलोमीटर. ज्यांच्या घरी कधी पाटीही आली नव्हती, त्यांची मुले तेथे शिकली. तेथले प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. काळ्या लेखकांच्या साहित्याकडे त्यांनी येथील तरुणांचे लक्ष वेधले. आपल्या वस्तीतला अनुभव दुसऱ्या खंडातील माणसाने लिहिलेला वाचून या मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी! १९७२ साली मुंबईत निघालेल्या ‘दलित पँथर’ने आपले नावच अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले.

मात्र साम्य फार ताणू नये. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत भेद कायद्यानेच लादला होता. तो मोडण्यास १९६४चा नागरी हक्क कायदा यावा लागला. आपल्या घटनेने अस्पृश्यता १९५० सालीच रद्द केली. कागदावर आपण चौदा वर्षे पुढे! तरीही २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. आम्हांला अधिक बोचते ते हे की, विरोधकांत महाविद्यालयीन विद्यार्थीही होते. चार बुके शिकली की भेद आपोआप जातो, ही समजूत तेथे टिकली नाही. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला.

त्या विद्यार्थ्यांची मुले-नातवंडे आज एका बाकावर बसतात. ‘आम्ही जात मानत नाही’, असे त्यांतील बरेच जण मनापासून म्हणतात. ज्याचे आडनाव कोठे अडत नाही, त्याला ते सोपे जाते. दुसरा मुलगा आडनाव गाळून वडिलांच्या नावावर थांबतो. पुष्कळ अर्जांवर ती चौकट रिकामी ठेवली, तर अर्ज पुढे सरकत नाही.