संगणकाची करकर आणि आपली ऊसनोंद



बेणे, खताच्या मात्रा, खोडव्यातील पाचट अशा विषयांवर मी या पानांतून नेहमी लिहितो. या वेळी विषय जरा निराळा आहे. तो आहे गट कार्यालयातल्या जुन्या संगणकाचा. शेतकी खात्याच्या माणसाने यंत्राच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु आपली लागण तारीख, उसाची जात, क्षेत्र आणि त्यावरून ठरणारी तोडीची पाळी ज्या यंत्रात आहे, ते यंत्र आजारी पडले तर त्याची झळ शेवटी उसालाच लागते. म्हणून हा प्रपंच.

घोरावाडी हे तळेगाव आणि बेगडेवाडी यांच्या मधले छोटे स्टेशन. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आमचे गट कार्यालय आहे. लोकल आली-गेली की खिडकीची तावदाने हलतात, मग शांत होते. मी या गटात बदलून आलो, तेव्हा त्या शांततेत एक आवाज कानावर येई. कर्र, कर्र, टक्. थोड्या वेळाने पुन्हा तेच. संगणकाच्या तोंडावरचा हिरवा दिवा लागे आणि विझे. मी लेखनिकांना विचारले. ते म्हणाले, "तो असाच करतो साहेब, जुनं खोड आहे." मीही मान हलवली आणि शिवारात निघून गेलो. ही माझी पहिली चूक.

जुलैत पाऊस सुरू झाला, वीज येऊ-जाऊ लागली. एके सकाळी आडसालीची नोंद बघायला एक वयस्कर सभासद आले. संगणक सुरू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ आली आणि यंत्र थांबले. लेखनिकांनी सवयीने एक बटण दाबले, तेव्हा ते पुढे सरकले. मग कर्र, कर्र. आबा बराच वेळ ऐकत होते. म्हणाले, "साहेब, माझी नोंद ह्याच डब्यात हाय ना?" मी म्हणालो, "आहे आबा, काळजी करू नका." तोंडाने म्हणालो खरा, पण मनातून मला खात्री नव्हती. त्या दिवशी मी शिवारफेरी रद्द केली आणि या आवाजाच्या मागे लागलो.

संगणक शोधत काय होता?

आवाज येत होता तो फ्लॉपी ड्राइव्हमधून. आज घरोघरी मोबाइल आहेत, पण फ्लॉपी पाहिलेली मुले थोडी. साडेतीन इंचांची ही चौकोनी तबकडी १९८७ च्या सुमारास १.४४ एमबी क्षमतेची झाली आणि पुढे जगभर चालली. आजच्या मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही बहुधा तिच्यात मावणार नाही. परंतु एका गटाची ऊसनोंद, म्हणजे नुसती अक्षरे आणि आकडे, तिच्यात सहज बसे. संगणकात फ्लॉपीला ए आणि बी ही अक्षरे राखून ठेवलेली असत. म्हणून आतल्या मुख्य डिस्कला सी म्हणतात. फ्लॉपी गेली, पण सी मात्र सीच राहिला.

आता यातली गोम बघा. पेन ड्राइव्ह लावला की तो स्वतःहून संगणकाला वर्दी देतो. जुन्या फ्लॉपी ड्राइव्हला ते जमत नाही. आत तबकडी आहे की नाही, हे कळायला संगणकाला मोटर फिरवून, वाचणारा दट्ट्या पुढे-मागे सरकवून पाहावे लागते. त्याचीच ती करकर. सीडीचा ड्राइव्हही असाच. 'सीडी घातली की आपोआप सुरू व्हावी' अशी सोय चालू असेल तर संगणक त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि दिवा लुकलुकतो. चार-पाच खाचा असलेला कार्ड रीडर लावला असेल तर तितके रिकामे कप्पे तपासत बसतो.

थोडक्यात, यंत्र विनाकारण करकरत नाही. कोणीतरी त्याला "जा, बघून ये" असे सांगितलेले असते. तो सांगणारा कोण, एवढेच शोधायचे असते.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

काही करण्यापूर्वी मी एक नवा पेन ड्राइव्ह आणला, दुसऱ्या संगणकावर तपासून घेतला आणि नोंदींची पूर्ण नक्कल काढली. दुसरी नक्कल मुख्य कार्यालयात शेतकी विभागाकडे पाठवली. यंत्र उघडण्याआधी नक्कल हा नियम सर्वांनीच पाळावा. फ्लॉपीची करकर निरुपद्रवी असू शकते. पण मुख्य डिस्कमधून टक्-टक् आवाज येऊ लागला तर तो धोक्याचा इशारा समजावा, दुसरे काम बंद ठेवून आधी माहिती वाचवावी.

एकेक कारण वेगळे काढले

उसाची पाने पिवळी पडली तर आपण सगळी खते एकदम ओतत नाही. कोवळी पाने शिरांच्या मध्ये पिवळी असतील तर लोहाची कमतरता, जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची, आणि सगळा पट्टाच पिवळा असेल तर पाणी साचले का ते बघतो. इथेही तीच रीत ठेवली. एका वेळी एकच बदल करायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, आवाज आला की नाही ते वहीत लिहायचे.

१) आवाज केव्हा येतो? यंत्र सुरू करतानाच एकदा येत असेल तर तो बायोस नावाच्या मूळ मांडणीतला हुकूम असतो. तिथे 'सुरुवातीला फ्लॉपी तपासा' ही सोय बंद करता येते. आमच्याकडे सुरुवातीचाही आवाज होता. कारण निघाले रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी. ती संपली की वीज जाताच यंत्र आपली मांडणी विसरते आणि कारखान्यातून आले तेव्हाच्या हुकमांवर परत जाते. काळ्या पडद्यावरची इंग्रजी ओळ तेच सांगत होती. आम्ही रोज बटण दाबून तिला गप्प करत होतो. ही बॅटरी थोड्या पैशांत कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

२) दिवा एकसारखा लागूनच राहतो का? तसे असेल तर आतली पट्टीसारखी वायर उलटी बसलेली असण्याचा संभव फार. साफसफाईनंतर हे हमखास होते. आमचा दिवा विझत होता, म्हणजे वायर ठीक होती.

३) विषाणू आहे का? पेन ड्राइव्हमधून पसरणारे काही विषाणू स्वतःची नक्कल प्रत्येक ड्राइव्हवर टाकू पाहतात. फ्लॉपी रिकामी असली तरी तिथेही डोकावत राहतात. २००८ च्या अखेरीस कॉनफिकर नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तो पेन ड्राइव्हमधूनही पसरत असे. आपोआप सुरू होण्याची ती वाट मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये बंद केली आणि २०११ साली जुन्या विंडोजसाठीही तशी सुधारणा दिली. आम्ही तपासणी केली, काही सापडले नाही. उलट विषाणू शोधणारा प्रोग्रामच कधी कधी फ्लॉपी चाळत बसतो. म्हणून तोही थोडा वेळ थांबवून पाहिला. आवाज चालूच.

४) जुन्या फाइलींची आठवण राहिली आहे का? पूर्वी फ्लॉपीवरून उघडलेल्या फाइलींची नावे 'अलीकडील कागदपत्रे' या यादीत राहतात. यादी उघडली की संगणक त्या फाइली शोधायला फ्लॉपीकडे धावतो. ती यादी पुसली. आवाज थोडा कमी झाला, थांबला नाही.

५) शेवटी संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे फक्त आवश्यक तेवढ्याच गोष्टींवर सुरू केला. अर्धा तास गेला, लोकल आली-गेली, आवाज नाही. म्हणजे यंत्र निर्दोष आणि सुरुवातीला आपोआप चालू होणारा कुठला तरी प्रोग्राम दोषी, हे नक्की झाले. मग एकेक प्रोग्राम बंद करत गेलो.

खरा दोष कुठे होता

सापडला तो आपलाच जुना ऊसनोंदीचा प्रोग्राम. तो बसवला तेव्हा कोणा शहाण्या माणसाने त्याला सांगून ठेवले होते, "ठराविक वेळाने नोंदींची एक नक्कल फ्लॉपीवर काढत जा." फ्लॉपी नसली की तो पडद्यावर सूचना देई. त्या सूचनांना कंटाळून पुढे कोणीतरी 'पुन्हा दाखवू नये' अशी खूण करून ठेवली. सूचना बंद झाली, हुकूम मात्र तसाच राहिला. बिचारा इमानेइतबारे जाऊन रिकाम्या ड्राइव्हला विचारी, परत येई, पुन्हा जाई.

कपाटात फ्लॉपींचा डबा सापडला. शेवटच्या फ्लॉपीवर मार्च २०११ लिहिलेले होते. आपल्या मावळच्या दमट हवेत सगळ्यांवर पांढरी बुरशी चढली होती, एकही वाचता आली नाही. म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या हंगामांच्या नोंदी या एकाच डब्यात होत्या. डिस्क बसली असती तर आबांना दिलेला माझा शब्द खोटा ठरला असता.

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हारी लागली. बॅटरी संपल्याने वीज गेली की यंत्राचे घड्याळ मागे, २००२ सालच्या १ जानेवारीवर जाई. त्या पावसाळ्यातल्या अकरा नोंदींवर तीच तारीख पडली होती. तारीख चुकली की पाळी चुकते, आणि पाळी चुकली की पक्व ऊस शेतात उभा राहतो, तुरे येतात, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. चिटबॉयच्या वहीमुळे आणि सभासदांनी जपलेल्या पावत्यांमुळे त्या अकराही नोंदी दुरुस्त करता आल्या. कागदाने संगणकाला तारले, असेच म्हणावे लागेल.

वारणेचा अनुभव

संगणक म्हणजेच सोय, असे समजू नये. वारणानगर परिसरात १९९८ साली सत्तर गावांचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावागावांतल्या संगणकांवर ऊस उत्पादकाला आपल्या उसाची माहिती मिळू लागली. पुढे तिथेच सात गावांत आठ महिने मोबाइलच्या एसएमएसवरून हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संगणकापेक्षा ही पद्धत स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली. शेतकऱ्याला डब्याचे कौतुक नसते, त्याला स्वतःची नोंद वेळेवर आणि बिनचूक हवी असते.

आपण जुने यंत्र वापरतो म्हणून लाजण्याचेही कारण नाही. जपानसारख्या देशाच्या सरकारी नियमांतून फ्लॉपीची अट २०२४ साली निघाली. मात्र विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली आहे. असे संगणक इंटरनेटला जोडू नयेत. आमचा जोडलेला नाही.

सभासदांना विनंती

आता नवी बॅटरी बसवली आहे. फ्लॉपीचा हुकूम काढला असून दर शनिवारी दोन पेन ड्राइव्हवर नक्कल निघते. एक इथे राहते, एक मुख्य कार्यालयात जाते. नक्कल उघडून वाचता येते का, हेही दर महिन्याला पाहिले जाते. सभासदांकडून अपेक्षा एवढ्याच :

१) ऊसनोंदीची पावती तोड होऊन बिल मिळेपर्यंत जपून ठेवावी.

२) गट कार्यालयात लावलेल्या नोंद यादीत आपली लागण तारीख, जात आणि क्षेत्र स्वतः वाचून घ्यावे. चूक आढळल्यास हंगाम सुरू होण्याआधी सांगावे.

३) घरी मुलांचा जुना संगणक करकरत असेल तर लगेच भंगारात देऊ नये. आधी नक्कल काढावी, मग वरच्या क्रमाने शोध घ्यावा. आणि कुठलीही सूचना पुन्हा दाखवू नये असे म्हणण्यापूर्वी ती एकदा वाचावी.

परवा आबा पुन्हा आले होते. यादीत बोट ठेवून त्यांनी आपली तारीख दोनदा वाचली, मग संगणकाकडे बघून म्हणाले, "आज गप हाय." मी म्हणालो, "हो आबा, त्याला हवं होतं ते दिलं."

— ऊस विकास अधिकारी