आमचे ड्रॉइंग मास्तर

शाळेच्या वेळापत्रकांत एक तास असा असतो कीं, तो कोणीहि मागून घ्यावा. गणिताचा भाग मागें राहिला, घ्या ड्रॉइंगचा तास. इंग्रजीची चांचणी उरकावयाची आहे, घ्या ड्रॉइंगचा तास. पाहुणे यावयाचे आहेत आणि मुलांना पटांगणांत बसवावयाचें आहे, तरी जातो तो ड्रॉइंगचाच तास. ज्यांचा तास असा जातो, ते गृहस्थ मात्र हाताचा खडू झटकून हंसतमुखानें वर्गाबाहेर पडतात. असे एक मास्तर आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिले असतील. आम्हीं पाहिलेले मास्तर नागपुरास धरमपेठेंतील एका शाळेंत तीसांहून अधिक वर्षें चित्रकला शिकवून कांहीं वर्षांपूर्वीं निवृत्त झाले. ते प्रसिद्ध चित्रकार नाहींत आणि नांव छापून आलेलें त्यांना आवडणारहि नाहीं. म्हणून तें येथें देत नाहीं. त्यांच्या साध्या दिवसक्रमांत सुखाचीं स्थानें किती होतीं, आणि त्यांच्यापासून आम्ही किती उशिरां काय शिकलों, एवढेंच सांगावयाचें आहे.

मास्तरांचा दिवस सुरू होई तो गोकुळपेठेच्या बाजारांत. वस्तुचित्राला लागणाऱ्या वस्तु शाळेकडून मिळत नसत. त्या ते स्वतःच्या पिशवींतून नेत. इतर गिऱ्हाइकें ताजी आणि स्वस्त भाजी पाहतात. मास्तर पाहत देंठाचा बांक आणि सालीवरची चमक. भाजीवालीला हा मनुष्य प्रथम विचित्र वाटला असावा. पण पुढें पुढें तीच आपण होऊन एखादें वांकडें वांगें बाजूला काढून ठेवूं लागली. संध्याकाळीं तीच भाजी घरीं परत येई. त्यांच्या पत्नी आमच्या घरच्या मंडळींना हंसून सांगत, "आमच्याकडे भाजी आधीं शाळा शिकून येते, मग कढईंत पडते."

नागपुरांत वस्तुचित्राला संत्रें हवेंच. आंबिया बहाराचीं संत्रीं दिवाळीच्या सुमारास बाजारांत दिसूं लागतात, मृग बहाराचीं फेब्रुवारी-मार्चांत. त्यामुळें शाळेचें वर्ष दोन्ही बाजूंनीं साधतें. संत्रें समोर ठेवलें कीं, निम्मा वर्ग कंपासपेटी उघडी. मास्तर म्हणत, "कंपास आंत ठेवा. संत्रें गोल आहे हें तुम्हांला ठाऊक आहे. पण तें गोल दिसतें आहे का?" मग मुलें नीट पाहत. तळ किंचित् बसका, देंठाकडे उचललेली मान, आणि साल सैल व खडबडीत, म्हणून उजेड एके ठिकाणीं न चमकतां बारीक ठिपक्यांनीं विखुरलेला! तास संपल्यावर त्या संत्र्याच्या फोडी वर्गांत वांटल्या जात. परीक्षेला न येणारा हा भाग मुलांच्या सर्वांत चांगला लक्षांत राही.

लोट्याचें चित्र ही मास्तरांची दुसरी आवडती कसोटी. लोट्याचें तोंड वाटोळें असतें हें मूल जाणतें, म्हणून तें कागदावर पुरतें वर्तुळ काढतें. आणि लोटा सपाट जागीं ठेवला आहे हेंहि जाणतें, म्हणून तळाला पट्टीनें सरळ रेघ ओढतें. वस्तुतः डोळ्याला तोंड दिसतें तें चपट्या वर्तुळासारखें, आणि तळाची कड दिसते ती खालीं झुकलेली. जी कड डोळ्याच्या पातळीपासून जितकी खालीं, तितकी ती अधिक गोलावते. म्हणून तोंडापेक्षां तळाचा बांक अधिक. एवढी एक गोष्ट मुलाच्या हातांत उतरावयास कित्येकदां सहा महिने लागत. परंतु ज्या दिवशीं ती उतरे, त्या दिवशीं मूल आपल्याच कागदाकडे चकित होऊन पाही, आणि मास्तर त्या मुलाकडे. "पगार पहिल्या तारखेला मिळतो; पण हें मधल्या कोणत्याहि तारखेला मिळतें," असें ते म्हणत.

नागपूरची हवा हा त्यांच्या धंद्यांतील निराळाच सोबती. जलरंगाचा सपाट थर द्यावयाचा तर फळी किंचित् कलती धरावी लागते. कुंचल्याखालीं रंगाच्या पाण्याची एक ओली धार जमते, ती न तुटूं देतां डावीकडून उजवीकडे नेत खालपर्यंत उतरवावयाची. धार मध्येंच वाळली कीं डाग राहिला. एप्रिलांत आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. कुंचला पाण्यांत बुडवून परत येईपर्यंत कागद कोरडा ठणठणीत! उलट श्रावणांत दुपारीं दिलेला थर शाळा सुटेपर्यंत वाळत नाहीं. म्हणून मास्तर उन्हाळ्यांत कागद आधीं ओला करून घेत आणि पावसाळ्यांत पेन्सिलीचें काम काढीत. पंचांग पाहून लग्नाचा मुहूर्त काढावा, तसा ते खिडकीबाहेर पाहून रंगाचा मुहूर्त काढीत.

वर्षाचा मोठा सोहळा म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी परीक्षा. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून १८५७ सालीं कलाशाळा निघाली. पुढें १९६५ सालीं महाराष्ट्रांत स्वतंत्र कला संचालनालय झालें, आणि या परीक्षा आज त्याच्याकडे आहेत. चित्रकार होण्याचें ज्यांच्या स्वप्नांतहि नाहीं, अशा लाखों घरांत या परीक्षेचें प्रमाणपत्र जपून ठेविलेलें असतें. स्मरणचित्र, संकल्पचित्र, वस्तुचित्र अथवा स्थिरचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन असे हे विषय. गेल्या कांहीं वर्षांपासून इंटरमीजिएट उत्तीर्ण झालेल्यास शालान्त परीक्षेंत वाढीव गुण मिळतात; अ श्रेणीस ७, ब श्रेणीस ५ व क श्रेणीस ३. तेव्हांपासून पालकांना या विषयाची गोडी लागली आहे, हें मास्तर हंसत सांगतात; त्या हंसण्यांत आमच्यासारख्यांना थोडी बोंच लागते. ती कां, तें आतां सांगतों.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचें घर तेव्हां तीन भावांचें, एका चुलीचें. धाकट्या बंधूंचा मुलगा दहावींत होता आणि त्याच वर्षीं त्याला इंटरमीजिएटला बसावयाचें होतें. त्या काळीं गुणांचें आमिष नव्हतें. घरांत वडील आम्ही. आम्हीं ठरविलें कीं, दहावीच्या वर्षीं रंगपेटी माळ्यावर जावी. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मास्तरांना तें कळलें असावें. कारण एका रविवारीं सायंकाळीं ते पायीं आमच्याकडे आले. चहा झाला, चिवडा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग ते म्हणाले, "काकासाहेब, दोन दिवसांचा प्रश्न आहे. पुष्कळ मुलें ठाऊक असतें तें काढतात; तुमचा पुतण्या दिसतें तें काढतो. अशीं मुलें फार येत नाहींत." आम्हीं उत्तर दिलें, "मास्तर, तुमचें म्हणणें खरें. पण पुढें त्याला इंजिनियर व्हावयाचें आहे." त्यांनीं वाद घातला नाहीं. कपांतला चहा संपविला, वहिनींना नमस्कार सांगितला आणि निघाले. परीक्षेचे दोन दिवस मुलगा गणितें सोडवीत बसला. पुढें तो इंजिनियर झाला, उत्तम झाला; आमचा निर्णय बरोबर ठरला असें आम्ही कित्येक वर्षें सांगत आलों.

कोणी म्हणेल, शाळेंतील या चित्रांतून काय निघतें? याचें एक उत्तर आमच्याच प्रांताजवळचें आहे. मंडला जिल्ह्यांत १९२२ सालीं जन्मलेले सय्यद हैदर रझा लहानपणीं चंचल होते. त्यांच्या प्राथमिक शाळेंतील गुरुजी नंदलाल झारिया यांनीं भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे लक्ष लावून बसावयास सांगितलें. ही आठवण स्वतः रझांनीं पुढें वारंवार सांगितली. ते नागपूरच्या कलाशाळेंत १९३९ ते १९४३ शिकले, मग मुंबईस गेले, आणि १९५० सालीं फ्रान्सला. ज्या 'बिंदू'मुळें जगानें त्यांना ओळखलें, तो त्यांच्या चित्रांत आला तेव्हां त्यांनीं पन्नाशी ओलांडली होती. २०१६ सालीं ते दिल्लींत वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें मंडल्यास विसावले. खेड्यांतील एका मास्तरांनीं भिंतीवर काढलेला ठिपका उगवावयास असा अर्ध्या शतकाचा काळ लागला! आमचे मास्तर ही गोष्ट वर्गांत सांगत. पण मोठा चित्रकार व्हा, असें शेवटीं कधींच म्हणत नसत. ते म्हणत, "आधीं ठिपका तरी नीट पाहा."

लहान सुखांना त्यांच्याकडे तोटा नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत तान्हा पोळा असतो. मुलें लांकडी नंदी सजवून आणतात. धरमपेठेंतील गल्ल्यांत सजावटीचा निकाल द्यावयास मास्तरांना बोलावीत. ते प्रत्येक बैलापाशीं उकिडवे बसत, आणि बक्षीस एकालाच देतां येत असलें, तरी प्रत्येक मुलाला त्याच्या बैलांतील एक गोष्ट सांगत: याच्या शिंगाचा रंग, त्याच्या झुलीची किनार. दिवाळींत रांगोळ्या पाहत फिरणें, सकाळीं अंबाझरीच्या कांठीं पाण्याचा रंग घटकेघटकेला कसा पालटतो तें वहींत टिपणें, दुकानाच्या पाटीवर आपल्या जुन्या विद्यार्थ्याचें वळण ओळखणें, हें सारें फुकटचें. आणि फुकटचें म्हणूनच कोणी हिरावून न घेण्याजोगें.

त्यांचा तास मात्र हिरावला जात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत, सहावी ते आठवींत शंभरांहून अधिक मुलें असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठीं अंशकालीन निदेशक असावा, एवढेंच म्हटलें आहे. अंशकालीन मनुष्य तास घेईल, उत्तमहि घेईल. पण वांकडें वांगें शोधावयास बाजारांत जाईल काय, आणि रविवारीं एका मुलासाठीं कोणाच्या ओट्यावर चढेल काय? या गोष्टी वेळापत्रकांत बसत नाहींत. त्या वर्षानुवर्षें एके ठिकाणीं राहिलेल्या माणसाकडूनच होतात.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनीं एक काम काढलें. मुलांनीं वर्गांत टाकून दिलेलीं, विसरलेलीं चित्रें त्यांनीं गठ्ठे बांधून ठेविलीं होतीं; तीं ज्यांचीं त्यांच्या घरीं पोंचवावयाचीं. रोज संध्याकाळीं दोन-तीन घरें. कोठें मूल आतां स्वतः बाप झालेलें, कोठें परदेशीं गेलेलें, कोठें घरच पाडून त्या जागीं उंच इमारत उभी राहिलेली. असेच ते एके दिवशीं आमच्याकडे आले आणि पुतण्याचा एक कागद आमच्या हातीं दिला.

पेन्सिलीचें चित्र होतें. आमच्या मातोश्री देवघरापुढें बसून फुलवाती वळीत आहेत. मांडीवर कापूस, मान किंचित् झुकलेली. त्यांना जाऊन तेव्हां बारा वर्षें झालीं होतीं. त्यांचीं छायाचित्रें आमच्याकडे आहेत. त्या सर्वांत त्या पदर सांवरून समोर पाहत बसल्या आहेत, जशा त्या एरवीं कधींच बसत नसत. या कागदावर मात्र त्या जशा होत्या तशा होत्या. आणि चष्म्याची डावी काडी बिजागरीपाशीं दोऱ्यानें बांधलेली! आम्ही त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव. एका घरांत राहिलों, रोज पायां पडलों, औषधाला कधीं कमी पडूं दिलें नाहीं. पण आईचा चष्मा मोडला आहे आणि ती दोरा बांधून चालवून घेते आहे, हें आम्हांला दिसलें नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलाला दिसलें. आई ठीक आहे हें आम्हांला ठाऊक होतें, म्हणून आम्हीं पाहिलें नाहीं; आणि पुतण्या इंजिनियर होणार हेंहि ठाऊक होतें, म्हणून त्याच्याकडेहि पाहिलें नाहीं. आम्हीं आयुष्यभर लोट्याच्या तोंडाचीं वर्तुळेंच काढलीं.

मास्तर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं चहा घेतला, दुसऱ्या घराचा कागद काखोटीस मारला आणि पुढच्या गल्लीकडे वळले.

तें चित्र आतां चौकट करून देवघराशेजारीं लाविलें आहे. त्याचा फोटो पुतण्याला पाठविला, तेव्हां त्याचें उत्तर दोन दिवसांनीं आलें. तें आमच्यापाशींच राहूं दे. वाचकांना एवढीच विनंती कीं, घरांतलें मूल चित्र काढीत बसलें असेल, तर अभ्यास झाला का हें विचारण्यापूर्वीं त्या कागदाकडे एकदां नीट पाहावें. त्यांत कदाचित् आपल्याच घरांतलें आपण न पाहिलेलें कांहीं तरी असेल.