मोटारसायकलचे रुसलेले बटण

मुलांना शाळेत पोचविणे, दुधाच्या किटल्या डेअरीवर नेणे, अवेळी आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, अशी कितीतरी कामे आज घरच्या मोटारसायकलवर अवलंबून असतात. अशी ही गुणी गाडी ऐन वेळी सेल्फचे बटण दाबूनही हूं की चूं करीत नाही, आणि थोड्या वेळाने जणू काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते. तेव्हा तिच्यावरचा विश्वास उडतो. अनेक नव्या गाड्यांना किकही नसते. मग घाईने नवी बॅटरी घेतली जाते. पैसे जातात आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

हे टाळावयाचे तर बटणाचे काम समजून घेतले पाहिजे. विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हँडल फिरवून इंजिन चालू करण्याचे कष्ट संपू लागले. पुढे तो दुचाकीवरही आला. इंजिन फिरविणाऱ्या या मोटरला फार मोठा विद्युत्प्रवाह लागतो. तो अंगठ्याखालच्या चिमुकल्या बटणातून जात नाही. बटण केवळ थोडासा प्रवाह रिलेकडे पाठविते, आणि रिले बॅटरी व मोटर यांना जोडून देतो. देवडीवरच्या पहारेकऱ्याला हाक मारावी आणि त्याने मोठा दरवाजा उघडावा, तसाच हा प्रकार! बटणातील धातूच्या पट्ट्यांवर पावसाचे पाणी, धूळ व दमट हवा यांमुळे काळसर किंवा हिरवट थर चढला, की ही हाक कधी पोचते, कधी पोचत नाही.

तेव्हा दुरुस्तीपूर्वी कान द्या. बटण दाबताच एकच ‘कट्’ आवाज होऊन इंजिन फिरत नसेल, किंवा सारखी ‘कटकट’ होऊन दिवा मंदावत असेल, तर बॅटरी, तिची टोके, रिले वा मोटर यांकडे पाहावे. दिवा प्रखर आहे, पण आवाज मुळीच नाही, असे असेल तर संशय बटणावर व त्याच्या वाटेवर घ्यावा. मात्र इंजिन बंद करण्याचा लाल स्विच, न्यूट्रल, क्लच, साइड स्टँड व फ्यूज आधी तपासावेत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडल दोन्ही बाजूंना वळवीत बटण दाबून पाहावे. एकाच बाजूस सेल्फ लागत असेल, तर वायर आतून तुटली असण्याचा संभव असतो.

बटण उघडण्यापूर्वी चावी काढावी आणि बॅटरीची ऋण वायर सोडवावी. खाली स्वच्छ फडके पसरावे, कारण आतील बारीक स्प्रिंग उडून हरवते. प्रत्येक भागाची जागा ध्यानात राहावी म्हणून मोबाइलने छायाचित्र घ्यावे. मग विजेच्या स्विचसाठी मिळणाऱ्या क्लीनरने पट्ट्या स्वच्छ कराव्यात. थर हट्टी असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. पेट्रोल वापरू नये. ते पेट घेते आणि प्लास्टिकही बिघडवू शकते. पट्टी जळाली असेल किंवा प्लास्टिक वितळले असेल, तर स्विच बदलणेच शहाणपणाचे. काही नव्या गाड्यांत बटण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला केवळ संकेत देते. तेथे जाणत्या कारागिराचेच साहाय्य घ्यावे.

स्क्रूड्रायव्हरने रिलेची दोन टोके जोडून गाडी सुरू करण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. ती धोक्याची आहे. ठिणग्या उडतात, आणि न्यूट्रलचे संरक्षण टळल्यामुळे गिअरमध्ये असलेली गाडी एकदम पुढे झेपावते.

वाचकहो, सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. अनेक गाड्यांत उजव्या मुठीजवळची हीच पेटी अॅक्सिलरेटरची केबलही धरून ठेवते. म्हणून पुन्हा जोडल्यावर, इंजिन बंद असतानाच, मूठ पिळून सोडावी. हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवूनही ती झटकन मागे येते, अशी खात्री झाल्यावरच गाडी रस्त्यावर न्यावी. अडलेले बटण फार तर खोळंबा करते. अडलेली मूठ जिवावर बेतू शकते.