बेळगावचा पाऊस आणि पायांतले बूट

बेळगावात बूट निवडावा तो पावसाचा विचार करून. खडेबाजारात शिरले की चकाकीवर नजर खिळते. पण पहिल्या दोन पावसांत तीच चकाकी पापुद्र्यांनी सुटते आणि नुसता चिकटवलेला तळ ‘आ’ वासतो. म्हणून, दुकानदाराला रुचो वा न रुचो, बूट हातात घेऊन वाकवून पाहावा. चांगल्या कातड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात व सोडताच बहुतेक विरतात. जाड लेप दिलेल्यावर ठळक मोड राहतो. तळ शिवलेला असावा, म्हणजे झिजल्यावर नवा बसविता येतो. चार पैसे अधिक देण्याचे खरे कारण हेच. मात्र कडेची शिलाई कित्येकदा निव्वळ नक्षी असते, तेव्हा नीट विचारून घ्यावे. खरेदी सायंकाळी करावी. दिवसभर चालून पाय किंचित फुगलेला असतो.

आपल्या जुन्या घरांतून बारमाही कोल्हापुरीचाच हट्ट दिसतो. हट्ट गोड आहे. अथणी-निपाणीकडेही ती बनते, आणि 2019 साली तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापुराबरोबर बेळगाव जिल्हाही आहे. तथापि बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले तिचे कातडे पाणी पिते. पावसाळ्यात ती फळीवर ठेवावी आणि बूट चढवावा. तो भिजलाच तर चुलीपाशी नेऊ नये. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. वाळेपर्यंत रबरी चप्पल घालावी, त्यात कमीपणा कसला?